सदर्न कमांडची कहाणी



लष्कर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला जवान उभा राहतो. पण या जवानाने कुठे जायचे, कोणत्या वाटेने जायचे, त्याचा शिधा कोणी पोचवायचा, जखमी झाला तर त्याला कोणत्या इस्पितळात हलवायचे, हे ठरवणारी एक कचेरी असते. जिल्ह्याचा कारभार जसा कलेक्टर कचेरीतून चालतो, तसा एका मोठ्या मुलखातल्या फौजेचा कारभार 'कमांड'च्या मुख्य कचेरीतून चालतो. आपल्या मुलखाची ही कचेरी पुण्यात आहे. तिचे नाव सदर्न कमांड, म्हणजे दक्षिण विभागाची कमांड. तिची हकीकत सांगायची आहे.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. पुढच्या साली पेशवाई बुडाली आणि पुण्याच्या आसपास इंग्रजांच्या छावण्या पडल्या. त्या काळी कंपनी सरकारच्या फौजा तीन होत्या: बंगालची, मद्रासची आणि मुंबईची. प्रत्येकीचा सरसेनापती वेगळा. ही व्यवस्था १८५७ च्या उठावानंतरही बरीच वर्षे टिकली. अखेर १ एप्रिल १८९५ रोजी सगळ्या फौजा एका सरसेनापतीखाली आणून देशाचे चार लष्करी विभाग पाडले. त्यातल्या मुंबई विभागाचे ठाणे पुणे. पुढे नावे बदलली, हद्दी बदलल्या. १९२० साली उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा चार कमांड झाल्या आणि दक्षिणेची गादी पुण्यालाच राहिली.

पुणेच का? नकाशा उघडा म्हणजे उत्तर सापडेल. खाली मुंबईचे बंदर, वर दख्खनचे पठार, आणि मधे बोरघाट. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली. बंदरात उतरलेली फौज घाट चढून वर यायची, आणि इथून दक्षिणेत हवी तिकडे रवाना करता यायची. शिवाय हवा कोरडी. गोऱ्या सोल्जरला मुंबईच्या दमट हवेपेक्षा ती मानवे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परकी सरकारने ही कचेरी केवळ परचक्रासाठी थाटली नव्हती. सरहद्द उत्तरेला, दूर. इकडे दक्षिणेत फौज ठेवायची ती मुख्यतः रयतेवर वचक राहावा म्हणून. त्याचा दाखला सोलापूरने पाहिला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहर खवळले. गोळीबार झाला, माणसे पडली. मग सरकारने लष्करी कायदा पुकारला. तिरंगा फडकवणे हा गुन्हा ठरला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. आपल्याच रस्त्यावर फौज आपल्याविरुद्ध उभी राहते म्हणजे काय, हे तेव्हाच्या सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अठरा वर्षे लोटली. देश स्वतंत्र झाला. कमांडचा मुख्य अधिकारी आता हिंदी माणूस होता: महाराज राजेंद्रसिंहजी. या कमांडच्या मुलखात मधोमध निजामाचे संस्थान होते आणि आपला मराठवाडा त्यात अडकलेला. रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे सरहद्द ओलांडून येत होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे फौज निघाली, आणि मुख्य तुकडी निघाली ती याच सोलापुरातून. तिचे सेनापती मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. दुसरी मोठी तुकडी पूर्वेकडून, विजयवाड्याहून.

सोलापूर ते हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत नळदुर्गाजवळ बोरी नदीवर पूल. शत्रूने तो उडवला असता तर रणगाडे आणि मालमोटारी अडकून पडल्या असत्या. पहिल्याच दिवशी फौजेने पूल शाबूत हाती घेतला. बघा, मोहिमेचे यश कित्येकदा अशा एका पुलावर टांगलेले असते. १७ तारखेला निजामाने लढाई थांबवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने शरणागती दिली.

पण मोहिमेनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व शेजारच्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून त्या नोंदवल्या. काही ठिकाणी जवानांनी लोकांना वाचवले, तर काही ठिकाणी वर्दीतली माणसेच दोषी होती, असे तिला आढळले. तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. विजयाची गोष्ट सांगताना हे पान फाडून चालणार नाही.

तेच चौधुरी १९६१ साली सदर्न कमांडचे प्रमुख होते. डिसेंबरात गोव्याची मोहीम याच कचेरीने आखली. जमिनीवरची फौज मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली होती, जोडीला नौदल आणि विमानदल. इथे पुलांची गोष्ट उलटी झाली. पोर्तुगीजांनी बाणस्तारी आणि बोरीचे पूल उडवून दिले. तरी १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती लिहून दिली. साडेचारशे वर्षांचा अंमल दोन दिवसांत संपला.

त्याच साली जुलैत पुण्यावर वेगळेच संकट आले. पानशेतचे धरण खचू लागले. भर पावसात, रात्रीच्या अंधारात जवान वाळूची पोती रचत होते. धरण वाचले नाही. १२ जुलैला सकाळी ते फुटले. पण फुटले ते दिवसाउजेडी. मध्यरात्री फुटते तर झोपलेल्या पुण्याचे काय झाले असते, त्याची कल्पनाच करावी. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही ढिगाऱ्याखालची माणसे काढायला जवान आले. लक्षात घ्या, अशा वेळी फौज आपण होऊन येत नाही. मुलकी सरकार बोलावते तेव्हा येते आणि काम संपले की परत जाते.

शिक्षक मित्रांनी वर्गात एक करून पाहावे. फळ्यावर नकाशा काढावा. त्यावर पुणे, सोलापूर, नळदुर्ग, हैदराबाद आणि पणजी एवढी ठिकाणे दाखवावीत. मग मुलांना विचारावे: १९३० सालीही फौज सोलापुरात होती आणि १९४८ सालीही होती. कमांड तीच, गाव तेच. मग बदलले काय? हुकूम कोणाचा, हे बदलले. १९३० चा हुकूम लोकांना न विचारता निघाला होता. १९४८ चा हुकूम देणारे सरकार लोकांना जाब देणारे होते. आणि सुंदरलाल समितीचे पान सांगते की तो जाब मागायचे काम लोकांनी कधीही सोडता कामा नये.