अल्पवयीन चालक व अपघाती मृत्यूचे उत्तरदायित्व
अठरा वर्षांखालील व्यक्तीने वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवल्यास चालक, पालक व वाहनमालक यांच्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी. मोटार वाहन कायद्यानुसार १६ वर्षे पूर्ण झालेल्यास ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवता येते. इतर खासगी वाहनांसाठी किमान वय १८ आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रु. दंड होतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि चालकाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करायचे असते.

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी १७ वर्षीय मुलाच्या पोर्शे मोटारीने दोन अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिल्याने संताप उसळला. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आरोपी मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. अशा खटल्यासाठी गुन्हा ‘घृणास्पद’, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेचा असावा लागतो.

मृतांच्या वारसांना नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे स्वतंत्र दाद मागता येते.