समुद्रापलीकडील पूर्वज व त्यांचीं दप्तरें

महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपल्यांत रीत आहे. देवालय कोणीं उभारलें, वेदीची सेवा कोणकोणत्या धर्मगुरूंनीं केली, ह्याचें स्मरण अशा पुस्तिकेंत होतें, आणि तें यथायोग्यच आहे. परंतु ज्यांनीं हा किनारा सोडला व जे परत आले नाहींत, त्यांचें नांव अशा वेळीं सहसा निघत नाहीं. म्हणून कोंकणांतून मॉरिशस बेटावर गेलेल्या माणसांचा शोध आज कसा लागतो, व त्या शोधापासून आपण काय शिकावें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. सन २०२४ च्या मार्च महिन्यांत भारताच्या राष्ट्रपतींनीं मॉरिशस येथें असें जाहीर केलें कीं, तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांस परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचें पत्र मिळूं शकेल. अशा पत्रास वंशाचा पुरावा लागतो. त्या पुराव्याचें एक टोंक बेटावर आहे आणि दुसरें आपल्यासारख्या गांवांत.

मॉरिशस इंग्रजांनीं १८१० सालीं फ्रेंचांपासून घेतलें. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. उंसाच्या मळ्यांस मजूर हवे होते. मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून निघालेलें ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ मजुरांसह पोर्ट लुई बंदरास लागलें. तेव्हांपासून १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें ह्या मार्गानें गेलीं. बहुतेक बिहार व मद्रास ह्या बाजूंचीं होतीं. पण मुंबई बंदरांतूनही एक लहानसा प्रवाह वाहत होता, व त्यांत रत्नागिरी जिल्ह्याची आणि सावंतवाडीची माणसें होतीं. पांच वर्षांचा करार, प्रारंभीच्या काळांत दरमहा पांच रुपये मजुरी व शिधा, असा तो व्यवहार होता. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता. ह्यावरून त्या जिण्याची कल्पना येईल.

ह्या माणसांचीं दप्तरें मात्र आश्चर्य वाटावें इतक्या बारकाईनें ठेविलेलीं आहेत. बंदरांत उतरणाऱ्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे. त्या क्रमांकापुढें नांव, बापाचें नांव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गांव, परगणा, जिल्हा, जहाज व ज्या मळ्यावर पाठविलें त्याचें नांव लिहीत. पुढें छायाचित्रेंही काढण्यांत येऊं लागलीं, आणि १८६७ च्या कायद्यानें जुन्या मजुरांस छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणें भाग पडलें. हें सर्व त्या गरीबांच्या हितासाठीं नव्हतें; मजूर पळाला तर सांपडावा, हा त्याचा हेतु. पण कालाची गति अशी विलक्षण कीं, बापास धरून ठेवण्यासाठीं जें पान लिहिलें गेलें, त्याच पानाच्या आधारानें पणतू आज त्याचें मुख पाहतो. हीं दप्तरें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत, व वंशजांस अर्ज करून त्यांचा उतारा घेतां येतो. ज्या धक्क्यावर तीं माणसें उतरलीं, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्य केला आहे.

घरबसल्या संगणकावरही पुष्कळ काम होतें. अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळ संस्था १८९४ मध्यें स्थापन झाली. तिनें १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांचें सूक्ष्मचित्रण केलें, व तें सर्व २०२१ पर्यंत संगणकावर आणलें. ‘फॅमिलीसर्च’ ह्या नांवानें तें विनामूल्य पाहतां येतें. गोव्यांतील कांहीं धर्मग्रामांच्या वह्याही त्यांत आहेत. इंडिया ऑफिसच्या दप्तरांतील स्नानसंस्कार, विवाह व दफन ह्यांच्या नोंदी २०१४ पासून ‘फाइंडमायपास्ट’वर उपलब्ध आहेत. त्या मुख्यत्वें युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांच्या असल्यानें एतद्देशीय ख्रिस्ती माणसाचें नांव तेथें न सांपडल्यास निराश होऊं नये. सुरिनाम येथें १८७३ ते १९१६ ह्या काळांत गेलेल्या मजुरांची सूचि तर नेदर्लंड्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें सर्वांस खुली केली आहे.

शोधकानें तीन गोष्टींविषयीं सावध असावें. पहिली नांवाची. लिहिणारा कारकून परदेशी, सांगणारा कोंकणी. लक्ष्मणाचा ‘लुक्सिमन’ झाला. शिवाय बापाचें नांव हेंच मुलाचें आडनांव होऊन बसलें व मूळचें आडनांव लोपलें. म्हणून नांवापेक्षां क्रमांकावर अधिक विश्वास ठेवावा. दुसरी गोष्ट गांवाची. मुरुड एक नव्हे. आपलें मुरुड दापोली तालुक्यांतील, हर्णै व सुवर्णदुर्ग ह्यांच्या शेजारचें. दुसरें जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचें, जें संस्थान विलीन झाल्यावर कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत गेलें. केवळ ‘मुरुड’ एवढेंच लिहिलेलें आढळल्यास परगणा व जिल्हा पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. तिसरी गोष्ट जिल्ह्याच्या सीमांची. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला. तेव्हां जुन्या नोंदींतील ‘रत्नागिरी’ म्हणजे मालवण किंवा वेंगुर्लेंही असूं शकेल.

ह्या सर्वांत ख्रिस्तसभेच्या वह्यांचें मोल निराळें आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं स्नानसंस्काराची व विवाहाची नोंद प्रत्येक धर्मग्रामांत ठेवण्याची आज्ञा केली, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मृतांची नोंदही नियमांत आणली. सरकारी वहींत मनुष्याची उंची व खूण मिळते; आमच्या वहींत त्याची नातीं मिळतात. मायबाप कोण, धर्मपिता व धर्ममाता कोण, साक्षीस कोण उभे राहिले, हें तेथें लिहिलेलें असतें. मॉरिशसमध्यें १८४१ पासून १८६४ पर्यंत धन्य फादर लाव्हाल ह्यांनीं मुक्त झालेल्या गुलामांची सेवा केली; ज्यांस कालपर्यंत मालमत्तेच्या यादींत मोजलें जात होतें, त्यांस स्नानसंस्काराच्या वहींत देवाचें लेकरूं म्हणून स्थान मिळालें. त्यांच्या समाधीवर आजही ९ सप्टेंबरला सर्व धर्मांचे लोक जमतात.

आतां आपणांकडे पाहूं. साष्टी, वसई किंवा गोवें येथून आमचे वडील आले, असें सांगणारीं घरें ह्या किनाऱ्यावर आहेत. पण कोणत्या सालीं व कोणत्या गांवाहून, असें विचारल्यास उत्तर क्वचित् मिळतें. खारी हवा, पावसाळ्याची ओल व वाळवी ह्यांस कागदाची दया नाहीं. म्हणून आमची विनंति अशी. धर्मगुरूंच्या अनुमतीनें जुन्या वह्यांचें पान न् पान छायाचित्रांत उतरवून दोन ठिकाणीं जतन करावें. दफनभूमींतील क्रुसांवरील अक्षरें झिजण्यापूर्वीं लिहून घ्यावीं. घरांतील वृद्ध आजीस तिच्या आजीचें नांव व माहेर विचारावें. हें दप्तर कोणत्याही संगणकावर नाहीं, व तें गेलें कीं कायमचें गेलें. भिंतीवरील छायाचित्राच्या पाठीमागें शिसपेनीनें नांवें लिहावींत. पूर्वजाचें जें कांहीं सांपडेल, त्यांत दारिद्र्य, कर्ज किंवा खालची गणलेली जात निघाली तरी तें लपवूं नये. ज्यानें पांच रुपयांवर समुद्र ओलांडला, त्याची लाज वाटण्याचें आपणांस कारण नाहीं.

‘अ‍ॅटलस’ जहाज ज्या दिवशीं पोर्ट लुईस लागलें, तो नोव्हेंबरचा दुसरा दिवस मॉरिशसमध्यें मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून पाळला जातो. तोच आपला सर्व मृतांचा स्मरणदिन होय. त्या दिवशीं आपण दफनभूमींत मेणबत्त्या लावतों व आपल्या मृतांचीं नांवें घेतों. ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, जे परक्या मातीत निजले आहेत, त्यांच्यासाठींही यंदा एक मेणबत्ती लावावी, आणि त्यांपैकीं एकाचें तरी नांव पुढील वर्षापर्यंत शोधून काढावें.