शेंकडेवारीची कमाई : बीडचा मुकादम

माल दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचें, गिऱ्हाईकहि दुसऱ्याच्याच पायांनीं चालत येणारें. मधल्या माणसाचें स्वतःचें म्हणावें असें भांडवल एकच, तें म्हणजे त्याचा शब्द. या शब्दाच्या बळावर शेंकडेवारीनें पैसा मिळविण्याचा धंदा अलीकडे इंटरनेटवर फार बोकाळला आहे. १९९६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ॲमेझॉन या पुस्तकें विकणाऱ्या कंपनीनें, जो कोणी आपल्या पानावरून गिऱ्हाईक धाडील त्यास विक्रीचा ठराविक हिस्सा देण्याची योजना काढली आणि हां हां म्हणतां ती जगभर पसरली. गिऱ्हाईक नुसतें डोकावून गेलें तर मध्यस्थास दमडीहि नाहीं. खरेदी झाली तरच हिस्सा. या व्यवस्थेचें मर्म एवढेंच आहे, आणि बीड जिल्ह्यास तें मुळींच नवीन नाहीं.

निजामाच्या राज्यांत असतां या भागांतील कापूस व ज्वारी अडत्याच्या मध्यस्थीनेंच विकली जाई. शेतकऱ्याचा माल अडत्या आपल्या दारीं उतरवून घेई, खरीददार गांठून देई व शेंकड्यामागें आपली अडत कापून घेई. तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नांवांखालीं आणखीहि कांहीं कापलें जाई. या कापाकापीस आळा बसावा म्हणून हैदराबाद संस्थानानें १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांविषयीं कायदा केला. अडत्याची कथा मात्र महाराष्ट्रांत सर्वत्र सारखीच आहे. बीडची स्वतःची म्हणावी अशी कथा मुकादमाची.

बालाघाटाच्या डोंगररांगेनें हा जिल्हा दुभंगलेला आहे. गोदाकांठची गेवराई-माजलगांवकडील जमीन काळी व कसदार. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या बाजूस माळरान, उथळ माती आणि बेभरंवशाचा पाऊस. इकडे १९५० नंतर प्रवरानगराच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखाने एकामागून एक उभे राहिले. त्यांच्यापाशीं ऊस होता, पाणी होतें. तोडणारे हात नव्हते. १९७२ च्या दुष्काळानें डोंगरपट्ट्यांतील माणूस घराबाहेर पडला, आणि हात व ऊस यांची गांठ घालून देणारा मुकादम या व्यवहाराच्या मध्यभागीं येऊन बसला.

त्याची रीत अशी. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मुकादम पावसाळ्याच्या सुमारास रक्कम उचलतो आणि ती गांवोगांवच्या जोडप्यांस आगाऊ वांटतो. हीच ती उचल. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मनुष्याची गणती हत्यारानें करण्याची ही भाषा कोणी मुद्दाम घडविली नसेल, पण ती फार कांहीं सांगून जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत. मजुरी टनावर ठरलेली असते आणि टोळीच्या मजुरीवर शेंकडेवारीनें मुकादमाचें कमिशन निघतें. ऊस तुटला तर कमिशन. न तुटला तर नाहीं.

ही शेंकडेवारी मजुरीच्या दराबरोबरच भांडून मिळवावी लागली. जानेवारी २०२४ मधील करारानें तोडणीचा दर टनास २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला व मुकादमाचें कमिशन शेंकडा १९ वरून २० वर गेलें. हिशेबापुरतें दहा कोयत्यांची टोळी धरली व कोयत्यामागें दिवसाचा दीड टन ऊस धरला, तर मुकादमाच्या वांट्यास दिवसाकाठीं सुमारें अकराशें रुपये येतात. हा आंकडा ऐकून कोणास हेवा वाटेल. पण उचल घेऊन एखादें जोडपें दुसऱ्याच टोळींत गेलें, तर कारखान्याचें देणें मुकादमाच्या माथीं येतें. म्हणून जाणता मुकादम परक्यापेक्षां भाऊबंद, सोयरे व शेजारी यांनाच आधीं विचारतो. इंटरनेटवरील मध्यस्थासहि अखेर हेंच साधावें लागतें. ज्याच्या शिफारशीवर चार माणसें विश्वास ठेवतात त्याचीच शेंकडेवारी टिकते. जानेवारी २०२३ मध्यें भारत सरकारनें, मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्यानें तसें उघड सांगावें असे निर्देश दिले. मुकादमाचा हिस्सा कोणापासून लपलेला नसतो, हें त्याच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे.

साम्य मात्र येथें संपतें. संगणकापुढें बसलेल्या गिऱ्हाइकास शिफारस न पटली तर तें पान मिटून मोकळें होतें. उचल घेतलेल्या कोयत्यास ती मोकळीक नाहीं. एक दिवस कामावर न गेल्यास खाडा धरून दंड कापला जातो. मग आजारपण असो कीं बाळंतपण. या खाड्याच्या धाकाचा संबंध एका भयंकर गोष्टीशीं जोडला गेला. २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढें जी पाहणी आली, तींत बीड जिल्ह्यांतील ऊसतोडीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. यास एकटा मुकादम कारण, असें म्हणणें अन्यायाचें होईल. दवाखाने, दारिद्र्य व पालांतील पाण्याविना जिणें हींहि कारणें आहेतच. पण कमिशन टनावर मिळतें, आणि पडून राहिलेली बाई ऊस तोडीत नाहीं, हा हिशेब त्या दुखण्याच्या मागें उभा आहे.

एप्रिल-मेमध्यें पट्टा पडतो आणि टोळ्या डोंगराकडे परततात. मग मुकादमाच्या ओट्यावर वही उघडते. किती टन तुटले, किती खाडे झाले, मधल्या काळांत किराण्यासाठीं किती घेतले, याची वजाबाकी होते. ज्याची उचल फिटली तो मोकळा; ज्याची फिटली नाहीं त्याची बाकी पुढल्या सालच्या पानावर उतरते, आणि पावसाळ्यांत मुलीचें लग्न किंवा विहिरीचें काम निघालें कीं त्याच पानावर नवा आंकडा चढतो.