सुषिरवाद्यांची सिंफनी

मलकापूर, चिखली, मेहकर अशा बुलढाणा जिल्ह्यांतील गांवीं लग्नसराईंत दोन प्रकारचें संगीत कानीं पडतें: मांडवाच्या दारीं सनई-चौघडा आणि वरातीपुढें बँड. दोहोंचा प्राण एकच, फुंक. आमच्या शास्त्रकारांनीं अशा वाद्यांस सुषिर हें नांव दिलें. परंतु त्यांच्यापुढें स्वस्थ बसून ऐकणारा मनुष्य वाचकांनीं कधीं पाहिला आहे काय? अक्षता, आहेर आणि पंगत यांच्या गडबडींत तें संगीत शोभेपुरतें उरतें. हें दैन्य वाद्याचें नसून त्यास नेमून दिलेल्या कामाचें आहे, असें आमचें मत आहे; यूरोप-अमेरिकेचा इतिहासहि हेंच सांगतो.

सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीं रचलेली, बहुधा तीन-चार भागांची, दीर्घ कृति. तिचा कणा व्हायोलिनादि तंतुवाद्यांचा. फुंकीचीं वाद्यें सभागृहांत पाहुण्यांसारखीं आणि रस्त्यावर धन्यासारखीं, अशी वांटणी तिकडेहि होतीच. १८३० च्या क्रांतींत पडलेल्यांच्या अस्थि १८४० च्या जुलईंत पॅरिस येथें नव्या स्तंभाखालीं नेण्यांत आल्या. त्या मिरवणुकीसाठीं सरकारनें बर्लिओझकडून लष्करी बँडची सिंफनी करवून घेतली. सुमारें दोनशें वादक, आणि पुढें तलवारीनें ताल देणारा खुद्द रचनाकार! चालतां चालतां ती कोणास धड ऐकूं आली नाहीं. त्याच दिवसांत ती सभागृहांत वाजली, तेव्हां मात्र श्रोत्यांनीं तिला दाद दिली.

पुढें बरींच वर्षें बँडच्या वांट्यास मुख्यतः कवाइतीच्या चाली आणि उसन्या रचना आल्या. मूळचा जर्मन, पण अमेरिकेंत राहिलेला हिंडेमिट यानें १९५१ सालीं अमेरिकन सैन्याच्या बँडसाठीं तीन भागांची सिंफनी रचिली व वॉशिंग्टन येथें स्वतः चालविली. पहिल्या भागाच्या शेवटीं दोन निरनिराळ्या स्वरावली एकाच वेळीं वाजतात, हें तिचें कौतुक. दुसऱ्याच वर्षीं रॉचेस्टर येथें फेनेल यानें निवडक वादकांचा संच उभा केला. एकेका स्वरपंक्तीस शक्यतों एकच वादक, त्यामुळें प्रत्येकाचा आवाज उघडा पडतो. घोळक्यांत लपण्याची सोय नाहीं! २००५ सालीं वाजलेल्या कॉरिल्यानोच्या सिंफनींत वादक श्रोत्यांच्या चहूंकडे उभे राहतात, मिरवणुकीचा बँड सभागृहांत शिरतो, आणि शेवट बंदुकीच्या बारानें होतो. तो बार आम्हांस रुचत नाहीं. रस्त्याला सभेंत मान दिला, एवढें मात्र मान्य.

आमच्या सनईस हा मान मिळाला. बिस्मिल्ला खां यांनीं १९३७ सालीं कलकत्त्याच्या संगीतपरिषदेंत, आणि पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनीं आपल्या वादनानें, तिला मांडवांतून मैफलींत आणिलें. पण ती एकल वादनाची कीर्ति. साथीदार श्वास न तोडतां केवळ सूर धरतो. अनेक सुरांची गुंफण जमेल ती बँडमध्यें. पचमढी येथें १९५० सालीं लष्करी संगीताची शाळा निघाली, तेव्हां बुलढाणा व पचमढी एकाच मध्यप्रदेश राज्यांत होतीं. १९५६ सालीं तीं दुरावलीं. तेथें वादकांस स्वरलेखन शिकवितात. आमच्या गांवचा क्लॅरिनेटवाला मात्र चित्रपटांतील गाणें कानानेंच उचलतो, आणि तें हुबेहूब उठवितो. अशा वीस जणांस एकत्र बसवून, लिहिलेला स्वर वाचावयास शिकवून, वर्षभर तालमीचा खर्च उचलणारी संस्था वऱ्हाडांत कोणती? लग्नघर तर एका रात्रीचेच पैसे मोजतें.