काच खाणारे आम्ल

पारोळ्याहून मुंबईची सहल निघाली, तर राजाबाई टॉवरच्या (१८७८) ग्रंथालयातील रंगीत काचा मुलांना दाखवाव्यात. तशी चित्रे कुंचल्याने रंगवून भट्टीत भाजतात. कोरीव काचेची रीत निराळी. काचेवर मेण लावायचे, टोच्याने चित्र रेखायचे, वर हायड्रोफ्लोरिक आम्ल घालायचे. उघडी रेघ तेवढी झिजते. जहाल सल्फ्युरिक आम्लही काचेच्या बाटलीत राहते. हे मात्र काचेतील सिलिकाच खाते. १७७१ मध्ये शीले या रसायनज्ञाचे काचपात्रच त्याने कोरले गेले! कातडीतून शिरून ते हाडांतील कॅल्शियमही गाठते. १८७० मध्ये टिलमनने वाळूच्या फवाऱ्याचे पेटंट घेतले. आम्ल टळले, पण धूळ कारागिरांच्या फुप्फुसात गेली.

वर्गात यांपैकी काहीच नको. शहाबादी फरशीचा तुकडा, मेणबत्ती, खिळा आणि लिंबाचा रस पुरे.