गहाण घर आणि ब्राँझपदक

घर गहाण टाकून मुलीचे लग्न उरकल्याच्या किंवा मुलाला शिकायला धाडल्याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात. पण दुसऱ्याच्या मुलाला परदेशी कुस्ती खेळता यावी म्हणून एका प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकावे, ही गोष्ट निराळी. ती घडली १९५२ साली कोल्हापुरात. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे त्या वर्षी ऑलिंपिक सामने भरले होते, आणि स्वतंत्र भारताचा संघ दुसऱ्यांदा या मेळाव्याला निघाला होता.

या संघाची सुरुवात काही शुभ झाली नाही. उद्घाटन १९ जुलैला व्हायचे होते. त्याआधीच, १५ जुलैला, आपला फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ असा हरला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले, आणि समोरचा संघ तर पुढे रौप्यपदक घेऊन जाणारा! धावण्याच्या शर्यतींत वांद्र्याच्या मेरी डिसूझा आणि बंगालच्या नीलिमा घोष, पोहण्यात डॉली नाझीर आणि अवघी ११ वर्षांची आरती साहा, अशा चार मुली भारतातर्फे उतरल्या. पदक त्यांना मिळाले नाही. पण आपल्या मुलींनी त्या मैदानावर पाऊल टाकले, हेही थोडके नव्हते. बाकी साऱ्या देशाची भिस्त होती ती हॉकीवर. कुस्तीकडे कोणाचे फारसे लक्षच नव्हते.

आणि कुस्तीच्या त्या चमूत होता कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव. १५ जानेवारी १९२६ चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. अंगाने लहानखुरा, पण चपळाई अशी की भल्याभल्यांना तो हाती लागत नसे. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयाने तो लंडनच्या ऑलिंपिकला जाऊन आला होता आणि आपल्या वजनात सहावा आला होता. तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लाला तिथे गादीवर लढावे लागले. मातीतली कुस्ती पाठ लागली की निकाली होते. गादीवर मात्र घड्याळ आणि गुण यांचा हिशेब. हा हिशेब खाशाबा लंडनमध्ये शिकला आणि पुढची चार वर्षे तो घोटीत राहिला.

तयारी झाली, निवड झाली. अडले ते पैशापाशी. सरकारदरबारी केलेली विनंती फळाला आली नाही. मग गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. शिष्यावर एवढा भरवसा टाकायला गुरूची छातीही पैलवानाचीच हवी!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांचे मल्ल हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ती कुस्ती लांबली, आणि खाशाबा हरले. त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी की, त्या दमछाकीनंतर पुरती विश्रांती न देताच त्यांना रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हपुढे उभे करण्यात आले, आणि दाद मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. तीही कुस्ती गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या हाती ब्राँझ. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्यांच्या वजनात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

दुसऱ्याच दिवशी कुंवर दिग्विजयसिंग ‘बाबू’ यांच्या हॉकी संघाने हॉलंडला ६ विरुद्ध १ असे नमवले. त्यांतले पाच गोल एकट्या बलबीरसिंग यांचे! ऑलिंपिकमधले हे सलग पाचवे हॉकी सुवर्ण. देशाने जल्लोष केला तो त्याचा, आणि ते योग्यच होते. त्या झगमगाटात ब्राँझची पणती मात्र दिसेनाशी झाली.

पण कराडकरांना ती दिसली. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांनी आपल्या मल्लाला गावी नेले. सत्काराचे हार सुकले, तेव्हा खाशाबांना आठवण होती ती गहाण घराची. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर, कैक वर्षांनी. दुसरे वैयक्तिक पदक भारताला मिळाले ते १९९६ साली, टेनिसपटू लिअँडर पेस यांच्या हातून. महाराष्ट्राला तर आणखी थांबावे लागले. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ब्राँझ मिळवले, तेव्हा मधे ७२ वर्षे गेली होती.

पदकांच्या तक्त्यात हेलसिंकीपुढे एवढेच लिहिलेले असते: भारत, सुवर्ण १, ब्राँझ १. त्यातल्या त्या दुसऱ्या एकामागे एका गावाची वर्गणी आहे, एका गुरूचे घर आहे. आणि ते ऋण ज्याने कुस्ती मारूनच फेडले, त्या शिष्याचा शब्दही आहे.