घरची पाच मतं

बी.कॉम. झालेल्या माणसाला एक भ्रम असतो. जगात जे काही घडतं त्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात आणि रात्री उशिरा का होईना, ताळा जुळतोच, असं त्याला वाटतं. बँकेत चिकटल्यावर हा भ्रम माझ्या अंगात पार मुरला. तो उतरवला आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मतदारांनी.

2004 साली मी नुकता नोकरीला लागलो होतो. डबा खाताना राजकारणावर बोलण्याइतका अधिकार अंगी आला होता. मी एका रद्द स्लिपच्या पाठीवर बुलढाणा लोकसभा मतदारसंघाचा खातेउताराच काढला. 1984 काँग्रेस, 1989 भाजप, 1991 काँग्रेस, 1996 शिवसेना, 1998 काँग्रेस, 1999 शिवसेना. म्हणजे एकदा यांना, एकदा त्यांना! तेव्हा यंदा बदल ठरलेलाच, असं जाहीर करून मी आमच्या शिपायाशी शेगावच्या कचोरीची पैज लावली. निकाल लागला, आनंदराव अडसूळ पुन्हा निवडून आले आणि सगळ्या शाखेने माझ्या पैशाने कचोऱ्या खाल्ल्या.

"तुला कसं कळलं रे?" मी शिपायाला विचारलं.

"मले काहीच नव्हतं कळलं, भाऊ. तुमी लई ठामपणानं सांगून राह्यले होते, म्हणून म्या उलटं धरलं."

पुढे तर कमालच झाली. पंधरा वर्षं दर निवडणुकीला कूस बदलणाऱ्या याच मतदारसंघाने 2009 पासून 2024 पर्यंत सलग चार वेळा प्रतापराव जाधवांनाच दिल्लीला पाठवलं. मधे राखीव जागा खुली झाली, मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, हे खरं. पण मतदार मनात काय हिशेब करतो, हे कोडं मला सुटेना.

आमच्या जिल्ह्यात या कोड्याचं एक उत्तर फार जुनं आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखतात, कडेने अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, करंजी आणि पानसुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय ओलं झालं, ते पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. त्यातलं पान म्हणजे राजा. पानसुपारी जागची हलली नाही, तर राजा कायम!

या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट बघा. पाऊस, कपाशी आणि राजा यांची चौकशी एकाच खड्ड्यात होते. सरकार म्हणजे आपण निवडलेले नोकर वगैरे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात. शेतकऱ्याच्या लेखी सरकार हा एक पाऊसच. आला तर आला, नाही तर वाट बघायची.

याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतली गोष्ट सांगतो. 1916 साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी माणसं मारली आणि त्याच वर्षी तिथल्या किनाऱ्यावरच्या मतदारांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची मतं कमी केली, असं तिथल्या दोन प्राध्यापकांनी आकडे मांडून लिहिलं आहे. पुढे दुसऱ्या प्राध्यापकांनी त्या आकड्यांवर शंका घेतली, ते सोडा. माशाने चावावं आणि मत राष्ट्राध्यक्षाचं जावं, यापुढे आमची पानसुपारी बरी!

तर, कचोऱ्यांचं बिल भरून मी त्या शनिवारी चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. तिथे आजी होती. तिचं माहेर भेंडवळच्या बाजूचं. देशातल्या पहिल्या निवडणुकीपासून तिने एकही मतदान चुकवलं नव्हतं. 1952 साली तिने मध्य प्रदेशात मत दिलं, 1957 ला मुंबई राज्यात आणि 1962 ला महाराष्ट्रात. तिन्ही वेळा शाळा तीच आणि रांग त्याच कडुलिंबाखाली. राज्यंच तिच्या दारावरून गेली.

पहिल्या खेपेला तर दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आपण फक्त कागद आत टाकायचा. आजीने आधी पेटीला हात जोडले. पण त्याआधी एक घोटाळा झाला. अधिकाऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं आणि आजी गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेवटी रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ते सांगितलं. आजीचं नाव निदान यादीत तरी होतं. त्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच ओळख दिली होती.

आमचे आबाजी मात्र पक्के बैलजोडीवाले. 1971 ला बैलजोडी जाऊन गायवासरू आलं, 1978 ला गायवासरू जाऊन हात आला. "बैल गेले, गाय गेली, शेवटी हात तेवढे राह्यले. शेतकऱ्याचं असंच असते," असं म्हणत ते तिथेच शिक्का मारत. कार्यकर्ता दारात आला, की चहा पाजून सांगत, "आमच्या घरची पाच मतं पक्की." पाच म्हणजे ते, आजी, काका, बाबा आणि आई.

आबाजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी आजीला म्हटलं, "आजी, आता तरी सांग. इतकी वर्षं मत कोणाला दिलंस?"

"मतदान म्हंतात ना त्याले? मंग दान केल्यावर नाव घेत असतात का?"

"पण आबाजी तर म्हणायचे, पाच मतं पक्की..."

आजी तोंडावर पदर धरून हसली. "त्यायनं मले कधी इचारलंच नाही रे. त्यायले माहीतच होतं न!"

मग सुपारी कातरता कातरता आपणच बोलू लागली. बहात्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. "पानी घरापासून कितीक पावलं हाये, ते म्या तवापासून मोजलं. मत मांगाले कोनी आलं, की आधीचा आकडा ध्यानात आनला. पावलं कमी झाली का वाढली, येवढंच पाह्यलं."

मी गप्प बसलो. तोंडाने दान म्हणणारी ही बाई बत्तीस वर्षं खातं लिहीत होती आणि खात्यावर नाव कोणाचंच नव्हतं. माझ्या उताऱ्यात सगळे पक्ष होते, पण तिची पावलं कुठल्या रकान्यात घालायची?

26 एप्रिल 2024 ला बुलढाण्याचं मतदान झालं. मी केंद्रावर शाई लावायला होतो. एका गृहस्थाने बोट पुढे केलं आणि मागच्या बायकांकडे मान वळवून मला सांगितलं, "आमच्या घरची चार मतं हायेत." मी चारही बोटांना शाई लावली. धाकटी सून पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. यंत्र वाजलं. ती चिठ्ठी आत सात सेकंद दिसते. तेवढा वेळ ती एकटी होती. बाहेर आली ती खाली बघत, पण चेहऱ्यावर आजीचं हसू होतं.

रात्री घरी आलो. बायकोच्या बोटावर शाई होती. मी तोंड उघडलं आणि "जेवायला काय आहे?" एवढंच विचारलं.

सकाळी दूधवाल्याने हटकलं, "काय साहेब, तुमच्या घरची दोन मतं कुठं गेली?"

"एक मी दिलं," मी म्हटलं, "दुसरं कुठं गेलं, मला माहीत नाही."

त्याने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं आणि मापावर थोडं दूध जास्त घातलं. आमचं घरात भांडण झालंय, असं त्याला वाटलं असावं.